मदत हवी आहे : उलांडीच्या होडीची डागडुजी आणि शीड

मालवणजवळच्या आमच्या मांगरात (शेतावरच्या खोपीत) आजोबांची 18 फुटी उलांडीची (तोल राखायला बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेल्या तरंगत्या ओंडक्याची) होडी बारा वर्षे कोरडी पडून होती. यंदा ती अंगणात काढली, तेव्हा फळ्यांच्या सांध्यांत करंगळी जाईल एवढ्या फटी दिसल्या. लाकूड पाण्याने फुगते, म्हणून आधी ओली गोणपाटे पसरून फटी मिटू द्याव्यात आणि मगच तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर राळ भरावी, की कापूस आधीच भरावा? घट्ट ठोकलेला कापूस पुढे फुगणाऱ्या फळ्यांना खिळ्यांवरून उचलेल, अशी मला भीती वाटते. बाहेरून काजूच्या टरफलांचे तेलच लावणार आहे (रंगावर माझा फारसा विश्वास नाही). शिवाय, त्रिकोणी शिडासाठी डोलकाठी मध्यापासून किती पुढे उभी करावी, हेही जाणत्यांनी कृपया सांगावे.