‘फोव्ह’ : सिनेमा संपतो, पण त्या मुलाचं पुढे काय?

रानवारा
झेरेमी कोम्त या क्वेबेकच्या दिग्दर्शकाचा ‘फोव्ह’ (२०१८) पाहिला. लघुपट पाव तासाच्या जरा वर. सनडान्स चित्रपट महोत्सवात ज्युरींचा विशेष पुरस्कार, २०१९ च्या ऑस्करला नामांकन. वयात येऊ घातलेली दोन मुलं ओसाड खाणीत एकमेकांवर कुरघोडी करत हिंडतात. खेळता खेळता एक जण गाळात रुतत जातो, दुसरा एकटा उरतो. एक बाई त्याला गाडीत घेते आणि थोड्याच वेळात सिनेमा संपतो.

मुलांच्या अभिनयाला तोड नाही. तरी माझा ठाम आक्षेप आहे. त्या मुलाची परवड तर इथून पुढे सुरू होते. घरी काय सांगितलं? मित्राच्या आईसमोर कसा उभा राहिला? वर्गात त्याच्या शेजारी कोण बसलं? दिग्दर्शकाने मरण दाखवलं आणि मागे उरलेल्याचं जगणं टाळलं.

पटकथाकार
साफ अमान्य. सुरुवातीला एक जण कोल्हा दिसल्याचं सांगतो, दुसऱ्याला ते पटत नाही. शेवटी कोल्हा खरंच समोर येतो, तेव्हा ‘बघ, मी म्हणालो होतो ना’ म्हणायला मित्रच नसतो. आणखी काय दाखवायला हवं होतं? रडणारी आई आणि समजूत घालणारे सर आणले असते, तर प्रेक्षक डोळे पुसून मोकळा झाला असता. आता तो मोकळा होत नाही, हेच या लघुपटाचं बळ.

शाळामास्तर
मी नगर जिल्ह्यात शिकवतो. आमच्याकडे खाणीऐवजी शेततळी. आत प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, कडा उतरत्या. पोहता येणारा मुलगाही वर चढू शकत नाही, हाताला धरायला काही सापडतच नाही. माझ्या वर्गातला एक जण असा गेला. सोबतचा घरी आला, ओले कपडे बदलले, जेवायला बसला. संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली तेव्हा कुठे बोलला. गावाने त्याला एकच विचारलं, ‘तू ओरडला का नाहीस?’ तो प्रश्न पोराने वर्षभर वागवला. दहावीला बसलाच नाही.

पटकथाकार, तुमचा कोल्हा पुण्यातल्या प्रेक्षकाला कळेल. आमच्या गावाला ते जेवणाचं ताट दाखवायला हवं. भीतीने गोठलेलं पोर निर्दयासारखं दिसतं, हे कुणी सांगतच नाही.

मनोमनी
मी मानसोपचार क्षेत्रात काम करते. मास्तर, तुम्ही सांगितलंत ते अगदी असंच घडतं. सुन्न होणं, काही झालंच नाही असं वागणं, ही अनेकदा मनाची पहिली प्रतिक्रिया असते. म्हणूनच मी सिनेमाच्या बाजूने आहे. आघातोत्तर ताणविकाराचं, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं, निदानसुद्धा लक्षणं महिनाभर टिकल्याशिवाय करत नाहीत. घटनेनंतर लगेच मुलाला खोदून खोदून बोलतं करणं आता योग्य मानलं जात नाही. आधी सुरक्षितता, ऊब, खाणं, जवळचं माणूस. बोलणं त्याच्या कलाने. रानवारा, तुम्हाला जे ‘पुढचं’ हवंय ते काही महिन्यांचं काम आहे. ते पाच मिनिटांत उरकलं तर मुलं पटकन सावरतात असा खोटा समज पसरेल.

रानवारा
ताई, सावरलेला मुलगा मला नकोच होता. मला मास्तरांचं ताट हवं होतं. एक प्रसंग, एका मिनिटाचा. आई वाढतेय आणि तो खातोय. यात खोटं काय?

पटकथाकार
खोटं काहीच नाही, पण तो वेगळा सिनेमा आहे. मास्तरांनी सांगितलेली गोष्ट मराठीत कुणीतरी करायलाच हवी, हे मान्य. म्हणून कोम्तचा अपुरा ठरत नाही.

शाळामास्तर
मला तो अपुराच वाटतो. तरी मे महिन्याच्या सुट्टीआधी पालकसभेत दाखवायचा विचार आहे. मुलांनाही बसवू का?

मनोमनी
पालकांना जरूर दाखवा, नंतर बोलायला वेळ ठेवा. मुलांना सरसकट नको. वर्गात कुणी असं काही जवळून पाहिलं असेल, तर त्याला आधी एकट्याला विचारा आणि तो नको म्हणाला तर कारण विचारू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर लिहून ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं. आणि त्या दहावी सोडलेल्या मुलाकडे कुणी गेलंय का अजून?