मदत हवी आहे: स्वादुपिंडाचा जुना आजार आणि काळी शौच

पेशंट माझा थोरला भाऊ, वय ४६, राहायला डिचोली. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस ६ वर्षांपासून. दोन महिन्यांत तीनदा डांबरासारखी काळी शौच झाली. दर वेळी आधी पोटात जोराची कळ, मग काळी शौच, मग आपोआप बंद. हिमोग्लोबिन ७.२ वर आलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. एन्डोस्कोपी दोनदा, कोलोनोस्कोपी एकदा, सगळं नॉर्मल. (दोन्ही वेळा रक्तस्राव थांबल्यावरच नंबर लागला, हेच खटकतं.) लोहाच्या गोळ्या, अॅस्पिरिन, पेनकिलर चालू नाहीत. दारू ४ वर्षं बंद. शुगर आहे, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल.

डॉक्टरांना प्लीहेच्या धमनीवर फुगा होऊन रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून आतड्यात येत असावं अशी शंका आहे. सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) सोमवारी. फुगा दिसला तर कॉइल (बारीक तारेची गुंडाळी) घालून धमनी बंद करावी लागेल म्हणतात.

घरगुती औषधं कृपया सुचवू नका. असा पेशंट ज्यांच्या घरात होता त्यांनीच सांगा: हे कॉइलिंग गोव्यात, बांबोळीला (सरकारी गोवा मेडिकल कॉलेज) किंवा खासगीत, रात्री-अपरात्रीही होतं का, की आधीच बेळगाव-मणिपालची तयारी ठेवू? आणि दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) बसतं का?