मदत हवी आहे: नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये ४५ गुणसूत्रं

दोन गर्भपात झाले, दोन्ही आठव्या-नवव्या आठवड्यात. मग दोघांचं कॅरियोटाइप (गुणसूत्रांची तपासणी) केलं. माझं नॉर्मल. त्याच्या रिपोर्टवर ४६ऐवजी ४५, आणि खाली बारीक अक्षरात 'रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन, १३ व १४'. माणूस मात्र ठणठणीत!

मला समजलं ते असं: १३ आणि १४ क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना चिकटलीत. त्यात गळालेल्या आखूड भुजांवरची (गुणसूत्रांच्या छोट्या बाजूंवरची) गरजेची जनुकं इतर गुणसूत्रांवरही असतात, म्हणून त्याला स्वतःला त्रास नाही. घोळ होतो शुक्राणू बनताना. वाटणीचे सहा प्रकार, त्यातले दोनच संतुलित (जनुकांचा साठा ना कमी ना जास्त). म्हणजे दोन तृतीयांश वाया, असा हिशेब मांडून मी रात्री दोनला रडत बसले होते. नंतर कळलं, सहाही प्रकार सारख्या प्रमाणात होत नाहीत, संतुलित शुक्राणूच बरेच जास्त असतात.

असाच रिपोर्ट कुणाचा आहे का? तुम्ही नैसर्गिकरीत्या प्रयत्न चालू ठेवलेत की आयव्हीएफ करून भ्रूण तपासून घेतलेत? नैसर्गिक गर्भ राहिला असेल तर तपासणी वारेतून केलीत की गर्भजलातून? आणि १४ नंबरची दोन्ही गुणसूत्रं एकाच पालकाकडून आलीत का, हेही तपासायला सांगितलं होतं का? 'देवावर सोडा' सोडून काहीही सांगा.