घर देणारे 'यजमान', मग राहणारा कोण?

प्रश्न :
आईवडिलांकडे राहणं शक्य नसलेली सोळा ते एकविशीच्या आसपासची मुलंमुली काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहतात. स्वतंत्र खोली, घराची किल्ली आणि एकट्याने संसार हाकता येईपर्यंत घरातल्या मोठ्या माणसांची साथ, अशी ती सोय. इंग्लंडमध्ये याला 'सपोर्टेड लॉजिंग्ज' म्हणतात. अशा कुटुंबांसाठीची एक माहितीपुस्तिका मी मराठीत आणते आहे. घर देणाऱ्यांना 'यजमान' लिहिलं. राहणाऱ्यासाठी 'पाल्य', 'आश्रित', 'लाभार्थी' असे तीन शब्द लिहिले आणि तिन्ही खोडले. काय लिहावं?

प्रतिसाद :
खोडलेत ते बरं केलंत. आश्रय घेतलेला तो आश्रित, एवढाच मूळ अर्थ. पण वापरून वापरून तो शब्द 'मिंधा'च्या पंक्तीला जाऊन बसला आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल तो वाचला तर तिला काय वाटेल, याचा विचार आधी व्हावा. 'पाल्य' म्हटलं की निर्णय पालकाचा, सही पालकाची. अठरा पूर्ण झालेल्याची सही त्याची स्वतःचीच. 'लाभार्थी' योजनेच्या तक्त्यात ठीक आहे, घरात नाही.

वयाबद्दल लिहिताना एक जपा. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला तो 'अज्ञान' आणि पुढचा 'सज्ञान'. पुस्तिकेत 'अज्ञान मुलगा' छापलं तर वाचणारा भलताच अर्थ घेईल. तिथे 'अल्पवयीन' लिहा.

दुसरा प्रतिसाद :
माझा आक्षेप 'यजमान'वरच आहे. यज्ञ करणारा किंवा करवणारा तो यजमान, हा अर्थ आता पूजेपुरता उरला. रोजच्या बोलण्यात यजमान म्हणजे एकतर पाहुणचार करणारा, नाहीतर नवरा. 'अडचण आल्यास यजमानांशी बोला' हे वाक्य कितीतरी बायका 'नवऱ्याशी बोला' असं वाचतील. 'मालक' आणि 'घरधनी' यांचीही तीच गत. शिवाय यजमान आला की पाहुणा आलाच, आणि पाहुण्याला कुणी आपले कपडे आपण धू म्हणत नाही. इथे तर सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. 'घरमालक' लिहावं तर समोरचा भाडेकरू होतो आणि साथ देण्याचा भागच गळून पडतो.

तिसरा प्रतिसाद :
सरकारी शब्द हवा असेल तर 'अनुरक्षण' आहे. अनु म्हणजे मागाहून, म्हणून संस्थेतून बाहेर पडल्यानंतरचं रक्षण. भारताच्या 2015 च्या बाल न्याय कायद्यात या मदतीची व्याख्या आहे : संस्थेतली देखभाल संपवून समाजात मिसळू पाहणाऱ्या, 18 पूर्ण पण 21 पूर्ण न झालेल्या व्यक्तीला दिलेला आर्थिक किंवा इतर आधार. शब्द अर्थाला धरून आहे, पण 'अनुरक्षणगृह' म्हणताच संस्थेची इमारत डोळ्यांपुढे येते. आणि हिंदीत अनुरक्षण म्हणजे यंत्रांची देखभाल. घरातल्या माणसांच्या तोंडी तो बसणार नाही.

चौथा प्रतिसाद :
सगळे नामं शोधताहेत. मला वाटतं, पुस्तिका बिघडेल ती क्रियापदांनी. 'मुलाला ठेवून घेतलं', 'सांभाळलं', 'पोसलं' यांत करणारा एकटाच आहे आणि मुलगा नुसता कर्म होऊन पडला आहे.

उलट मराठीत एक फार उपयोगी सोय आहे, ती वापरा. बँकेचा अर्ज घ्या. अर्ज भरून देणे, भरून घेणे, भरू देणे. पहिल्यात पेन तुमच्या हातात. दुसऱ्यात पेन त्याच्या हातात, पण तुम्ही शेजारी बसून रकाना दाखवता. तिसऱ्यात तो एकटा जातो, एखादी खाडाखोड करतो, परत जातो, आणि संध्याकाळी तुम्ही फक्त विचारता, 'झालं का काम?' त्या घरात राहण्याचा सगळा प्रवास या तीन रूपांत आहे. पुस्तिकेच्या प्रत्येक सूचनेत यांपैकी नेमकं कुठलं अभिप्रेत आहे हे मूळ मजकुरावरून ठरवा. 'शिकवावे' असं सरसकट लिहिलंत तर वर्ग भरल्यासारखं होईल. डॉक्टरची वेळ घेणं, महिन्याचे पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवणं, नको त्या माणसाला दारातूनच परत पाठवणं, हे शिकवून येत नाही, ते करू द्यावं लागतं. आणि करू देणं हे करून देण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, कारण चूक समोर दिसत असताना हात आवरावा लागतो.

दुसरा प्रतिसाद देणारी :
हे पटलं. याच धर्तीवर 'पायावर उभं राहणं' जपून वापरा. मराठीत त्याचा अर्थ जवळजवळ कमाईपुरता झाला आहे. पगार हातात येऊनही रिकाम्या खोलीतली संध्याकाळ न पेलणारी मुलं असतात. 'स्वतःचं स्वतः बघणं' साधं आहे आणि त्यात पैशापलीकडचंही मावतं. 'मार्गी लागणं' तर नकोच. तो सुटकेचा शब्द आहे, सोडणाऱ्याच्या बाजूचा. घर सोडल्यावरही या मुलांना हक्काने फोन करायला कुणीतरी लागतं. लग्न झालेल्या मुलीसाठी आपल्याकडे 'माहेर' आहे, मुलग्यासाठी असा शब्दच नाही, हे मला नेहमी खटकतं.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. राहणाऱ्यासाठी 'तरुण' किंवा 'तरुणी', आणि जमेल तिथे थेट 'तुमच्याकडे राहणारी मुलगी' असं लिहिते. 'यजमान' काढून 'साथ देणारं कुटुंब' करते. लांब आहे, पण गैरसमज नाही. सूचनांची क्रियापदं आज रात्री पुन्हा तपासायला घेते. शेवटच्या प्रकरणाला मी 'निरोप' असं नाव दिलं होतं, ते बदलून 'नव्या घरी जाताना' केलं आहे. त्यात पहिलीच सूचना आहे की किल्ली परत घ्यायची की राहू द्यायची, हे दोघांनी आधीच बोलून ठरवावं. तिथे 'परत घेणे' आणि 'राहू देणे' असंच ठेवू ना?

चौथा प्रतिसाद देणारा :
हो, तसंच ठेवा.