पहिला लघुपट: लुकलुकणारे चित्र आणि घुमणारा आवाज

प्रश्न: आम्ही सहा विद्यार्थी मोबाइलवर दहा मिनिटांचा लघुपट करीत आहोत. वर्गातील ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते आणि संवाद घुमतात, काय करावे?

उत्तर १: आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रे) आणि शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवल्यास लुकलुक बहुधा थांबते.

उत्तर २: माझ्या मते आवाजाकडे चित्राहून अधिक लक्ष द्यावे. दुसरा मोबाइल नटाजवळ, फ्रेमबाहेर ठेवून त्यावर ध्वनिमुद्रण करावे आणि प्रत्येक शॉटपूर्वी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी (क्लॅपबोर्ड, म्हणजे शॉटआधी आपटायची पाटी, नसला तरी चालते), म्हणजे संकलनात चित्र आणि आवाज जुळवता येतात. संवादांमधील रिकाम्या जागा भरायला खोलीतील नुसती शांतताही अर्धा मिनिट मुद्रित करावी. भिंतींवर गोधड्या टांगल्यास घुमणे कमी होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गोधड्या वसतिगृहातून आणतो.