शेवटच्या दिवसांची सोय गावाने करायची की सरकारने?

वारणाकाठ
कॅन्सरचा पेशंट "आता घरी न्या" असं सांगून परत पाठवला, की आमच्या तालुक्यात त्याला कोणीच वाली नसतो. ऑपरेशन योजनेत बसतं, केमो बसते. त्यानंतरच्या महिन्यांचं काय? डिस्चार्ज कार्ड आणि वेदनेच्या गोळ्यांची एक स्ट्रिप घेऊन माणूस घरी येतो, पुढचं घरच्यांनी बघायचं.

केरळमध्ये हे लोकांनी बदललं. 1993 मध्ये कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पण खरी गरज असलेले पेशंट अंथरुणावरून उठून ओपीडीत येणार कसे? म्हणून काम घरांकडे वळलं. मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. त्यात शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची पोरं होती. ते प्रशिक्षण घेऊन आठवड्याचे काही तास देऊ लागले. नर्स गाडीने घरोघरी जाऊ लागली आणि खर्चाचा मोठा भाग लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून निघाला. 2008 मध्ये राज्य सरकारने यासाठी धोरण केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. क्रम बघा, आधी लोक उभे राहिले, मग सरकार आलं.

माझं मत: ग्रामीण रुग्णालय, आशाताई, बचत गट, भजनी मंडळ, तालमीची पोरं आणि केमिस्ट यांची अशी आघाडी प्रत्येक तालुक्यात हवी, आणि त्यासाठी सरकारी आदेशाची वाट बघू नये.

पेठेतला
पूर्ण विरोध. शाळेला रंग लोकवर्गणीतून, पाण्याची टाकी श्रमदानातून, आता मरणाची सोयही लोकांनीच करायची? मग कर कशाला भरतो आपण? केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे. तो कागदावरून तालुक्यापर्यंत का आला नाही, हे विचारायचं सोडून तुम्ही भजनी मंडळाला कामाला लावताय.

आणि मलप्पुरमची तुलना करताना तिथे आखातातून येणारा पैसा, वाचनालयं, पक्षांच्या शाखा, बळकट पंचायती हे सगळं धरा. ते इथे आहे का?

वारणाकाठ
पंचायत बळकट आहे म्हणून तिथे हे झालं, हे अर्धंच खरं. पंचायतीवर दबाव आणणारे लोक होते म्हणूनही झालं. आपल्याकडे गावाच्या आराखड्यात काय घ्यायचं हे ग्रामसभेत ठरतं ना? तिथे "अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी नर्स" ही मागणी आजवर किती गावांत झाली? मागणारं कोणी नसेल तर कार्यक्रम कागदावरच राहणार.

माजघर
मी सासूबाईंचं शेवटचं आजारपण घरी काढलंय, म्हणून स्पष्ट लिहिते. "घरी काळजी" म्हटलं की ती करणारी बाईच असते. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्री तीनला चादर बदलायची, नाकातून पोटात घातलेल्या नळीतून (राइल्स ट्यूब) पातळ खिमट द्यायचं, आणि सकाळी नवऱ्याचा डबा. भेटायला येणारे चहा पिऊन "देव माणसाला असं का करतो" म्हणून निघून जायचे. तो चहाही मीच करायचे.

तुमची आघाडी आली म्हणजे आठवड्याला आणखी चार पाहुणे. मला घरी येणारी सहानुभूती नको होती. मला एक खाट हवी होती, जिथे त्यांना पंधरा दिवस ठेवता येईल आणि मी झोपू शकेन. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून. बाकीच्या जिल्ह्यांनी काय करायचं? आधी अशा जागा बांधा.

सिस्टर_सेवानिवृत्त
माजघर, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त एक सांगते, खाट असली तरी बहुतेक माणसं शेवटी घरीच असतात, आणि तिथे कोणी शिकवायला नसतं. तोंडाच्या कॅन्सरची जखम गालातून बाहेर फुटली की तिला वास येतो. त्या वासामुळे नातवंडं खोलीत येत नाहीत आणि पेशंट स्वतःच तोंड भिंतीकडे करून पडतो. उकळून गार केलेल्या मीठ-पाण्याने जखम धुवायची, मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून त्याची पूड वर टाकायची, कोरडी गॉज ठेवायची. एवढ्याने वास बराच कमी होतो. गोळी काही रुपयांची. हे मी कित्येक घरांत दाखवलंय, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: "हे आम्हाला आधी कोणी का नाही सांगितलं?"

स्वयंसेवकाचं काम चहा पिणं नाही. तो दोन तास बसेल आणि तुम्ही झोपाल. औषध आणून देईल, जखमेत अळ्या दिसल्या तर नर्सला त्याच दिवशी कळवेल.

माजघर
दोन तास बसणारा माणूस पुरुष असेल आणि तो बेडपॅन देईल, असं लिहून द्या. मग मी पहिली वर्गणी देते.

कोळिकोड_ते_कोथरूड
नोकरीनिमित्त बरीच वर्षं केरळमध्ये होतो. पेठेतला यांच्या शंकेबद्दल: तिथेही सगळं स्वयंसेवकांवर सोडलेलं नाही. कणा म्हणजे नर्स, पगारी आणि प्रशिक्षित. सरकारी धोरणानंतर पंचायतींमार्फत नर्स घरी जायला लागली आणि स्वयंसेवी संस्था तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यामुळे "लोक की सरकार" हा वादच मला चुकीचा वाटतो. नर्स सरकारने द्यावी. ती कोणत्या घरी जायला हवी, हे शेजाऱ्यांना कळतं.

देशाच्या लोकसंख्येत केरळचा वाटा जेमतेम 3 टक्के, तरी देशातल्या पॅलिएटिव्ह केंद्रांचा मोठा भाग तिथे आहे. हा असमतोल नुसत्या पैशाने आलेला नाही.

डोंगरवाडी
मला भीती वेगळी आहे. गावात बातमी लपत नाही. आमच्याकडे कॅन्सर झालेल्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं. खुद्द पेशंटला "गाठ आहे, बरी होईल" एवढंच सांगितलेलं असतं. त्यात दारात "पॅलिएटिव्ह" लिहिलेली गाडी उभी राहिली तर? आणि स्वयंसेवक कोण असणार? सरपंचाचा माणूस. त्याच्या हातचं पाणी कोणाच्या घरी चालतं, आणि तो कोणाच्या घरी पाणी पितो, हेही बघावं लागेल. वस्तीवरच्या घरात तो जाईल का? मला नाही वाटत.

सिस्टर_सेवानिवृत्त
गाडीवर काही लिहू नये, हे बरोबर. प्रशिक्षणाचा पहिला धडाच हा हवा: या घरातलं त्या घरात न्यायचं नाही. जातीचं तुम्ही खरं लिहिलंत आणि त्याला सोपं उत्तर नाही. म्हणून स्वयंसेवक निवडायचं काम सरपंचाकडे नको. वस्तीवरची आशाताई पहिल्या दिवसापासून समितीत हवी, आणि कोणत्या घरांना भेट झाली नाही याची यादी दर महिन्याला वाचली गेली पाहिजे.

सरकारी_दवाखाना
डॉक्टर आहे, ग्रामीण रुग्णालयात. तुम्ही सगळे मूळ अडचणीभोवती फिरताय. मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं अफूपासून बनणारं औषध, नसेल तर आघाडी काय करणार? नुसतं हात धरून हाडात पसरलेल्या कॅन्सरची वेदना जात नाही. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या धाकाने ही गोळी दवाखान्यांतून जवळजवळ हद्दपार झाली. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची भाऊगर्दी संपवली, आता मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना लागतो. तरी प्रशिक्षित डॉक्टर, कुलूपबंद कपाट आणि नोंदवही या तीन गोष्टींसाठी कोणी पुढे येत नाही. डॉक्टरांच्याच मनात व्यसनाची भीती बसलेली आहे. खरं तर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन कमी डोसपासून हळूहळू वाढवलं, दर चार तासांनी दिलं आणि पहिल्या दिवसापासून सोबत बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पोट साफ होण्याचं औषध दिलं, तर माणूस झोपतो, जेवतो, बोलतो.

म्हणून मी वर्गणीच्या विरोधात आहे आणि दबावगटाच्या बाजूने. डबे फिरवू नका. माझ्या रुग्णालयाला ही मान्यता का नाही, हे मला आणि माझ्या वरिष्ठांना लेखी विचारा.

मांडवीतीर
गोव्यातून एक भर. इथे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद) नोंदवलं, राज्यातलं पहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हा हक्क मान्य केला होता, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कोणी फिरकत नव्हतं. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तुमच्या आघाडीत एक वकील घ्या. शुद्धीवर असतानाच "मला व्हेंटिलेटर नको" असं लिहून ठेवलं, तर मुलांवर तो निर्णय येत नाही.

पेठेतला
याचीच धास्ती होती. उद्या गरिबाला "लिहून द्या आणि घरी जा" म्हटलं जाईल.

सरकारी_दवाखाना
आजही तेच चाललंय, फक्त त्याला डामा (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) म्हणतात. पैसे संपले की नातेवाईक "स्वतःच्या जबाबदारीवर" सही करतात आणि पेशंटला घरी नेतात. ना वेदनेची गोळी, ना नर्स, ना घरी गेल्यावर धाप लागली तर काय करायचं याची माहिती. लिव्हिंग विलमध्ये निदान पेशंटची स्वतःची इच्छा असते आणि दोन वैद्यकीय मंडळांनी ती तपासायची असते. डामाच्या कागदावर पेशंटला कोणी विचारलेलंही नसतं.

पेठेतला
हे मान्य. पण मग तुमच्या आघाडीचं पहिलं काम डामा होऊन परत आलेल्यांची यादी करणं हे ठेवा आणि ती यादी जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवा. सेवा नंतर. सेवा सुरू झाली की सरकार हात झटकतं, या मतावर मी ठाम आहे.

वारणाकाठ
यादी आणि सेवा एकाच वेळी का नको? यादीतला माणूस आज कण्हतोय, तो निधी मंजूर होईपर्यंत थांबणार नाही. ग्रामसभेत पंचायतीकडून नर्स मागू, रुग्णालयाच्या मान्यतेबद्दल लेखी अर्ज करू, आणि सिस्टर तयार असतील तर तोवर जखम धुण्याचं प्रशिक्षण घेऊ. माजघर यांची अट मला मंजूर. पहिल्या तुकडीत निम्मे पुरुष असतील आणि बेडपॅन द्यायला शिकतील. सरकारी_दवाखाना, मान्यतेचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा, तेवढं सांगा.