बी-विंग, चौथा मजला, ती कुंडी

सेक्रेटरी : चौथ्या मजल्याच्या जिन्यात खिडकीपाशी पॉलिथिन गुंडाळलेली कुंडी कोणाची? पॅसेज मोकळा ठेवायचा असं जनरल बॉडीत ठरलंय. पुढच्या आठवड्यात फायर ऑडिट आहे.

बी-४०३ : माझी आहे साहेब. झाड आजारी आहे. आमच्याकडे पश्चिमेचं ऊन येतं, जिन्याची खिडकी पूर्वेची. आठ दिवस द्या, कोपऱ्यात सरकवते.

बी-२०१ : ताई, ते पांढऱ्या शिरांचं ना? परवापर्यंत झकास होतं की!

बी-४०४ काकू : माझ्यामुळे झालं रे. ही गणपतीला चिपळूणला गेली, चावी माझ्याकडे. कुंडीत बघते तर माती नाहीच, नुसते नारळाच्या सोडणाचे तुकडे नि कोळसे. म्हटलं पोरीला वेळ मिळाला नसेल. खालून लाल माती आणून भरली, शेणखत घातलं. रोज बशीभर पाणी.

बी-४०३ : काकू, मनाला लावून घेऊ नका. चिठ्ठी लिहून ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नाही.

बी-४०४ काकू : पण माती नसलेल्या कुंडीत झाड जगतं कशावर?

बी-४०३ : याचं नाव अँथुरियम क्लॅरिनर्व्हियम, म्हणजे ठळक शिरांचं. १९५२ साली एइझी मातुदा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. मूळचं दक्षिण मेक्सिकोतलं, चियापास राज्यातलं. तिथे चुनखडीच्या खडकांवर, फटीत साठलेल्या पाल्यापाचोळ्यात उगवतं. पाऊस पडतो, मुळं भिजतात, पाणी वाहून जातं, वारा लागतो. कुंडीत मातीचा चिखल झाला की मुळांचा श्वास कोंडतो आणि ती सडतात.

ए-१०२ काका : आमच्या राजापूरचा रुखाळू आठवा. पावसाळ्यात आंब्याच्या खोबणीत, कातळावर येतो. तिथे कोण माती घालायला जातं? दोघं अळूच्याच कुळातले.

बी-४०४ काकू : अग्गोबाई, रुखाळू! असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी फावड्याला हात लावला नसता.

ए-५०२ : मग वड्या होतील का हो 😄

बी-४०३ : अजिबात नको! अळूसारखेच खाजरे स्फटिक असतात यात, चिंच घालून शिजवायच्या भानगडीतही पडू नका. ३०२ च्या मांजरीलाही जवळ येऊ देऊ नका.

बी-२०१ : आता वाचेल का?

बी-४०३ : काल रात्री सगळं उपसलं. फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास. मूळ चिमटीत धरून ओढलं की भिजवलेल्या वालासारखी साल सुटून हातात, आत नुसता दोरा. अशी सगळी कापली, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने. जाड, पांढरट, टणक अशी पाचच उरली. काप सुकू दिले आणि आता ओलसर मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, ठेवलंय. पॉलिथिन त्यासाठीच. मुळं कमी असताना पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. दिवसातून एकदा तोंड उघडते, नाहीतर बुरशी धरेल. खत बंद. खालची दोन पानं पिवळी पडतील, ती जाणारच.

ए-१०२ काका : सोडणाचे तुकडे वापराल तेव्हा दोन-तीनदा पाण्यात भिजवून पाणी फेका. त्यात मीठ असतं.

बी-४०३ : हो काका, ते करतेच. बरं, मुंबईची दमट हवा याला मानवते. मला ह्युमिडिफायर घ्यावा लागला नाही. छळते ती मे महिन्यातली दुपार आणि आमच्या हॉलमधला एसी.

ए-५०२ : फूल कधी येणार? लाल असतं ना?

बी-४०३ : ते लग्नाच्या स्टेजवर लावतात ते लाल, चकचकीत अँथुरियम वेगळं. याचं फूल म्हणजे हिरवट उंदराची शेपटी. त्यावर आधी मादीची अवस्था येते, पराग नंतर सुटतो, त्यामुळे एकाच फुलाचं आपल्या आपण जमत नाही. लोक पराग पुडीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवतात, दुसऱ्या फुलासाठी. मी एकदा ठेवला होता. सासूबाईंनी खोबऱ्याच्या डब्याखालची पुडी मसाला समजून फेकली.

बी-४०४ काकू : म्हणजे नुकसान करणारी मी पहिली नाही. बरं वाटलं.

*तीन आठवड्यांनी*

बी-४०३ : काकू, जिन्यात या! नवीन पान सुटतंय. तांबूस, इतकं मऊ की हात लावला तर ठसा राहील. मुलांना सांगून ठेवा, लिफ्टची वाट बघताना कोणी चिमटे काढू नका. हिरवं आणि पुठ्ठ्यासारखं जाड व्हायला वेळ लागेल.

बी-४०४ काकू : आले. काजूच्या पालवीचा रंग गं अगदी. दिवाळीला कुठे जाणार असशील तर पाणी कधी, किती, ते लिहून फ्रिजवर लावून जा.

बी-४०३ : वरचं बोटभर कोरडं लागलं तरच. आणि बशी काढून घेतलीय मी!

सेक्रेटरी : पान छान आहे. कुंडी अजून जिन्यातच आहे.

बी-४०३ : संध्याकाळी आत घेते साहेब.

ए-१०२ काका : त्या खिडकीसारखा उजेड तुमच्या घरात नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची आहे. आणा खाली. माती नाही घालणार.